काकपद

भारतीय भाषांच्या संगणकीय तंत्रज्ञानाविषयीच्या राष्ट्रीय बातम्यांमध्ये गेल्या काही वर्षांत चेन्नईचे नाव वारंवार येते. ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगर येथे ‘भाषिणी’ या राष्ट्रीय भाषा-उपक्रमाचे उद्घाटन झाले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला आयआयटी मद्रासमध्ये ‘एआयफॉरभारत’ या संशोधनगटाचे निलेकणी केंद्र सुरू झाले. त्यासाठी रोहिणी व नंदन निलेकणी यांनी ३६ कोटी रुपयांची देणगी दिली. पुढल्या वर्षी याच गटाने घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांमध्ये अनुवाद करणारी ‘इंडिकट्रान्स२’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. रोमन लिपीत लिहिलेले शब्द भारतीय लिप्यांत उतरवण्यासाठी त्यांनी जमवलेल्या ‘अक्षरांतर’ या संग्रहात शब्दांच्या २ कोटी ६० लाख जोड्या आहेत. ज्या परिसरात हरणे मोकळी हिंडतात, तेथून या बातम्या येतात आणि त्याच शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला त्या वाचून अभिमान वाटतो.

या मोठ्या बातम्यांच्या पायाशी मात्र एक लहानसा प्रश्न उभा असतो. अनुवाद, लिप्यंतर, शुद्धलेखन-तपासणी यांपैकी कोणतीही सोय संकेतस्थळावरच्या लेखनचौकटीत आणायची, तर सर्वप्रथम त्या प्रणालीला कळावे लागते की लिहिणारा मजकुरात नेमका कुठे उभा आहे. तो लुकलुकणारा उभा दांडा कोणत्या दोन अक्षरांच्या मध्ये आहे? निवडलेला मजकूर कुठून कुठवर आहे? ऐकायला हा प्रश्न अगदी किरकोळ वाटतो. त्याचे सर्व ब्राउझरांना मान्य होईल असे उत्तर मिळायला कितीतरी वर्षे लागली, आणि मराठीपुरते बोलायचे तर ते पुरतेपणी अजूनही मिळालेले नाही. या दांड्याला आपण सर्रास ‘कर्सर’ म्हणतो आणि माउसच्या बाणालाही तेच नाव देतो. गोंधळ टळावा म्हणून मी येथे जुना शब्द वापरणार आहे : काकपद.

हस्तलिखिते पाहिलेल्यांना काकपद परिचित असेल. पोथीची नक्कल करताना लेखनिकाकडून एखादा शब्द सुटला, तर तो त्या जागी कावळ्याच्या पायासारखी एक छोटी खूण करी आणि सुटलेला शब्द समासात किंवा ओळींच्या मध्ये लिही. या खुणेला हंसपद असेही म्हणतात. ‘येथे काहीतरी यायचे आहे’ एवढेच ती सांगते. शाळेच्या वहीत आपणही शब्द राहिला की हीच खूण करत आलो आहोत. पडद्यावरच्या दांड्याचे काम तेच आहे. पुढचे अक्षर येथे येईल, असे तो सांगतो. तो अक्षरावर बसत नाही, दोन अक्षरांच्या फटीत उभा राहतो. ही कल्पनासुद्धा कुणाला तरी सुचावी लागली. १९७०च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा मजकूर-संपादक घडवला. माउसने दोन अक्षरांच्या मध्ये टिचकी मारायची आणि तेथून लिहू लागायचे, ही आज निसर्गदत्त वाटणारी रीत त्यात आकाराला आली. कापा, नक्कल करा, चिकटवा हे आज्ञांचे त्रिकूटही टेस्लर यांच्याच कामातून रुजले.

आता ब्राउझरच्या पोटात शिरू. लेखनचौकटीतील मजकूर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने घटकांची एक रांग. पहिल्या घटकाच्या आधीची जागा शून्य, त्याच्या नंतरची एक, आणि असेच पुढे. निवडलेल्या मजकुराचे वर्णन दोन आकड्यांनी होते : सुरुवात व शेवट. ब्राउझरमध्ये या दोन गुणधर्मांची नावे ‘सिलेक्शनस्टार्ट’ आणि ‘सिलेक्शनएंड’ अशी आहेत. दोन्ही आकडे सारखे असले की काहीच निवडलेले नाही, काकपद नुसते उभे आहे, असा अर्थ. निवड डावीकडून उजवीकडे केली की उलट, हे सांगणारा तिसरा गुणधर्मही आहे, कारण शिफ्ट दाबून पुढे जाताना कोणते टोक हलवायचे हे त्याविना कळत नाही.

ही सोय मोझिला परिवारातील ब्राउझरांत पुष्कळ आधी आली. इंटरनेट एक्सप्लोररने मात्र वेगळी वाट धरली होती. तेथे चौकटीला ‘तुझे काकपद कुठे आहे’ असे विचारताच येत नसे. संपूर्ण पानावर जी काही निवड असेल तिचा एक ‘पल्ला’ मागायचा, त्याची प्रत करायची, त्या प्रतीचे एक टोक चौकटीच्या आरंभाला नेऊन ठेवायचे आणि मधल्या मजकुराची लांबी मोजायची, असा तो द्राविडी प्राणायाम होता. त्यातही एक मेख होती. ओळ मोडली की तेथे दोन घटक धरले जात, तर इतर बहुतेक ब्राउझर एकच धरत. दहाव्या ओळीवर पोहोचेपर्यंत हिशेब नऊ घरांनी चुके. शिवाय ‘ळ’ किंवा ‘ऱ’ लिहिण्यासाठी चौकटीबाहेर काढलेल्या बटणावर टिचकी मारली, की चौकटीचे लक्ष सुटे आणि काकपदाची जागा हातची जाई. ती आधीच टिपून ठेवावी लागे. मार्च २०११ मध्ये नववी आवृत्ती आली तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररने हे दोन गुणधर्म स्वीकारले. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल५ हे प्रमाणक अधिकृत झाले, त्यात त्यांना स्थान होते.

तरीही काही कोपरे अंधारात आहेत. ईमेल किंवा संख्या अशा प्रकारची चौकट असेल, तर प्रमाणकानुसार हे गुणधर्म रिकामे उत्तर देतात. तसेच काकपद कितव्या स्थानी आहे हे कळले, तरी ते पडद्यावर नेमके कुठे दिसते आहे हे चौकट सांगत नाही. सुचवलेल्या शब्दांची यादी लिहिणाऱ्याच्या बोटाखाली उघडायची असेल, तर प्रोग्रामर एक युक्ती करतात. त्याच टंकाची, त्याच आकाराची, त्याच रुंदीची एक अदृश्य प्रतिकृती पानात कुठेतरी उभी करतात, तिच्यात काकपदापर्यंतचा मजकूर ओततात, शेवटी एक खूण ठेवतात आणि ती खूण कुठे पडली ते मोजतात. आरशात पाहून कुंकू लावावे तसा हा प्रकार आहे.

आतापर्यंतची गुंतागुंत इंग्रजीलाही भोगावी लागली. आपली वेगळी कथा येथून सुरू होते, कारण ‘घटक’ म्हणजे काय, हाच आपला प्रश्न आहे.

‘मराठी’ हा शब्द घ्या. आपल्या लेखी त्यात तीन अक्षरे आहेत. युनिकोडच्या लेखी पाच चिन्हे आहेत : म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. ब्राउझर त्याची लांबी पाच सांगतो. म्हणजे काकपदाला उभे राहण्यासाठी शून्य ते पाच अशा सहा जागा कागदोपत्री उपलब्ध आहेत. पण दोन क्रमांकाची जागा म्हणजे ‘र’ आणि त्याचा काना यांच्या मधली फट. तेथे कोणी मराठी माणूस उभा राहत नाही. ‘स्त्री’ हे तर आपल्या दृष्टीने एकच अक्षर. त्यात स, हलन्तचिन्ह, त, पुन्हा हलन्तचिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे असतात. साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका अक्षराचे अठरा बाइट. एकच वस्तू एक, सहा आणि अठरा अशी तीन मापांनी मोजली जाते, आणि प्रणालीचा प्रत्येक थर आपापल्या मापाने बोलतो. ‘श्रीकृष्ण’ हे तीन अक्षरी नाव ब्राउझर नऊ मोजतो. नाव लिहिण्यासाठी आठांची मर्यादा घातलेली चौकट असेल, तर त्यात ते मावणारच नाही. आणि ती मर्यादा ठरवणाऱ्याच्या मनात आपण कुणाचे नाव कापतो आहोत असे कधी आलेलेही नसेल.

खोडण्याच्या क्रियेतही दुजाभाव आढळतो. बॅकस्पेस दाबली की बहुधा एकच चिन्ह जाते : ‘की’मधली वेलांटी पुसली जाते, ‘क’ उरतो. डिलीट दाबली की बहुधा पुढचा अख्खा पुंज जातो. पहिली रीत चुकलेली वेलांटी सुधारण्यासाठी सोयीची आहे, म्हणून ती राखली गेली. सवयीने आपण दोन्हींशी जुळवून घेतले आहे, इतके की त्यांतली विसंगती जाणवेनाशी झाली आहे.

मराठीचा म्हणून आणखी एक खास पेच आहे : ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतील पापणीसारखा र. युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. तेच चिन्ह साधा ‘र’ आणि खालचे टिंब अशा दोन चिन्हांनीही लिहिलेले चालते. तिसरीही एक जुनी पद्धत आहे : ‘र’, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही ‘दुसऱ्या’ अगदी सारखे दिसतात, पण पहिल्याची लांबी सात आणि उरलेल्या दोहोंची आठ. एकाच लेखात दोघांनी दोन कळफलकांवर काम केले, तर ‘दुसऱ्या’ शोधूनही दुसरा ‘दुसऱ्या’ सापडत नाही.

हे पेच आपल्या एकट्याचे नाहीत, हे चेन्नईत राहिल्यावर उमगते. तमिळमध्ये ऱ्हस्व ‘ऒ’ची मात्रा व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना बसते, एक तुकडा डावीकडे व एक उजवीकडे. ती एका चिन्हानेही लिहिता येते आणि दोन चिन्हांनीही. आता व्यंजन व मात्रा यांच्या ‘मध्ये’ काकपद ठेवायचे म्हटले, तर ते पडद्यावर कुठे काढायचे? तमिळ परंपरेत १२ स्वर, १८ व्यंजने, त्यांच्या संयोगाची २१६ अक्षरे आणि एक आयुधाक्षर अशी २४७ अक्षरे मोजतात; मूल शाळेत तीच शिकते. युनिकोडमधील तमिळची मांडणी मात्र भारतीय लिप्यांसाठी बनवलेल्या ‘इस्की’ या सामाईक सांच्यावरून आली. त्यात स्वरचिन्हे वेगळी, व्यंजने वेगळी. अक्षर हे मूळ एकक मानणाऱ्यांना हे रुचले नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत भरलेल्या ‘तमिळनेट ९९’ परिषदेतून ‘तमिळ९९’ हा कळफलक आला. तेच व्यंजन दोनदा लिहिले, की पहिल्यावरचा पुळ्ळी, म्हणजे आपल्या हलन्ताचा तमिळ भाऊ, तो आपणहून देतो. २०१० मध्ये तमिळनाडू शासनाने प्रत्येक तमिळ अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी ‘टेस१६’ ही संकेतप्रणाली युनिकोडच्या जोडीने मान्य केली. आयआयटी मद्रासच्या सिस्टिम्स डेव्हलपमेंट लॅबोरेटरीने भारतीय भाषांसाठी घडवलेल्या जुन्या संपादकातही अक्षर, मग ते जोडाक्षर का असेना, दोन बाइटांच्या एकाच संकेतांकाने साठवण्याचा विचार होता. अशा मांडणीत काकपदाचा हिशेब फार सोपा होतो : एक पाऊल म्हणजे एक अक्षर.

जगाने तो मार्ग घेतला नाही, आणि त्यालाही कारण होते. चिन्हे सुटी ठेवली, की थोड्या चिन्हांत अगणित जोडाक्षरे बसतात आणि उद्या येणाऱ्या अनोळखी जोडाक्षरासाठी कुणाकडे नवा क्रमांक मागावा लागत नाही. मात्र चिन्हांचे पुंज कुठे सुरू होतात व कुठे संपतात, हे सांगणारे नियम मग वेगळे लिहावे लागतात. युनिकोडच्या या नियमांनुसार ‘स्त्री’चे बरीच वर्षे तीन पुंज होत : स्, त्, री. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत नवा नियम आला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू व मल्याळम या लिप्यांतील जोडाक्षर एकसंध पुंज ठरले. त्या दिवसापासून ‘स्त्री’ प्रमाणकाच्या दृष्टीने एक झाली. त्या यादीत तमिळ नाही. तमिळमध्ये पुळ्ळी बहुधा डोळ्यांना दिसतोच, व्यंजने एकमेकांत मिसळत नाहीत. ‘क्ष’, ‘श्री’ असे अपवाद मोजकेच. दोन शेजारी भाषांच्या लेखनस्वभावातला फरक जपणारा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

हे सारे मी हौसेने शिकलेलो नाही. एका शस्त्रक्रियेत माझ्या आईचे स्वरयंत्र काढावे लागले. उपचारांसाठी ती साताऱ्याहून चेन्नईला आली आणि मग येथेच राहिली. सुरुवातीला ती पाटीवर लिहून बोले. संधिवाताने बोटे आखडू लागली, तेव्हा पेन्सिल सुटली आणि टॅब्लेट हाती आला. रोमन अक्षरे हळूहळू वेचून लिहिली की त्यांचे देवनागरी करून देणारे एक संकेतस्थळ तिला जमले. तेच तिचे बोलणे झाले. भाजीवाल्या अम्मांपासून माझ्या बहिणीच्या साताऱ्याहून येणाऱ्या फोनपर्यंत सगळीकडे ती पडद्यावर वाक्य लिही आणि आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवू.

एके दिवशी डॉक्टर फोनवर होते. रात्रीच्या गोळीचा उपयोग होतो का, असे त्यांनी विचारले. आईने आधीच लिहून ठेवले होते : ‘रात्री गोळी घेतली, पण झोप लागली नाही.’ मी ते वाचायला घेतले. तिने हातानेच थांबवले, ‘गोळी’च्या आधी बोट टेकवले आणि दोन शब्द घातले. मग टॅब्लेट माझ्यापुढे धरला. पडद्यावर होते : ‘रात्री फक्त गोळी घेतली, पण झोप लागली नाही. अर्धी’.

मी वाचले तसे डॉक्टरांनी ऐकले : गोळी घेतली, झोप अर्धीही लागली नाही. मात्रा वाढवण्याविषयी ते बोलू लागले. आईने ताटातला चमचा उचलून टेबलावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. मग दोन्ही तर्जन्या एकमेकींवर धरून तिने अर्धे दाखवले, आणि तोंडाकडे बोट नेले. तिने लिहिले होते ‘फक्त अर्धी’. पहिला शब्द जागेवर उतरला होता. दुसरा वाक्याच्या टोकाला जाऊन पडला होता.

त्या रात्री मी ते पान उघडून पाहिले. कारण मोजक्या ओळींत सापडले, आणि ते समजायला वरचे सगळे पुराण उपयोगी पडते. आईचे वाक्य चौकटीत असताना ‘रात्री’ची सहा चिन्हे आणि एक मोकळी जागा मिळून काकपद सातव्या स्थानी होते. तिने रोमनमध्ये ‘फक्त’ची सहा अक्षरे लिहिली, काकपद तेरावर गेले. तिने मोकळी जागा दिली, तसे त्या पानाने सहा रोमन अक्षरांचा मराठी शब्द केला. ‘फक्त’मध्ये चिन्हे चार : फ, क, हलन्तचिन्ह, त. म्हणजे काकपद सात अधिक चार, अकरावर, आणि मोकळ्या जागेनंतर बारावर यायला हवे होते. पण त्या पानाने शब्द बदलला तो चौकटीतला सगळा मजकूर एकदम नव्याने भरून. प्रोग्रामने चौकटीचा मजकूर बदलला की ब्राउझर काकपद मजकुराच्या शेवटी नेतो. प्रमाणकातच तसे सांगितले आहे. मजकूर बदलण्याआधी स्थान विचारायचे, बदलल्यावर नवे स्थान मोजून काकपद तेथे परत नेऊन ठेवायचे, ही दोन कामे त्या पानात नव्हती. शेवटालाच लिहीत जाणाऱ्याला याची कधीच जाणीव होत नाही. मागे वळून दुरुस्ती करू पाहणाऱ्यालाच ती होते.

आईने याविषयी कधी तक्रार केली नव्हती. मागचे महिने चाळल्यावर माझ्या लक्षात आले, की तिची वाक्ये हळूहळू आखूड होत गेली होती. मधला शब्द चुकला तरी ती तो तसाच ठेवी. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे म्हणण्याचा मार्ग तिच्यासाठी महाग झाला होता, म्हणून तिने म्हणायचेच कमी केले होते. आमचा समज असा, की आजारपणाने ती अबोल झाली आहे.

मी तिच्यासाठी एक साधे पान लिहिले. ते मजकूर सगळा न बदलता काकपदाच्या मागची रोमन अक्षरे तेवढी बदलते, काकपद नव्या शब्दाच्या पुढे आणून ठेवते. एखाद्या जोडाक्षराच्या पोटात स्थान आले, तर ते अक्षराच्या कडेला सरकवते. अक्षरांच्या सीमा सांगणारी ‘सेगमेंटर’ ही सोय क्रोममध्ये २०२० पासून होती, सफारीत २०२१ मध्ये आली आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये. त्यामुळे आता हे काम करण्यासाठी प्रत्येकाने स्वतःचे नियम लिहायची गरज उरलेली नाही. पहिल्या दिवशी आईने एक जुने वाक्य उघडले, मध्ये बोट टेकवले, एक शब्द घातला, मग आणखी एक, मग आणखी एक. तिन्ही शब्द जागेवर बसले. पुढच्या आठवड्यात तिने माझ्या बहिणीला दीड पानाचे पत्र लिहिले आणि त्यात माझ्या स्वयंपाकाचा समाचार घेतला.

एवढ्यावर हा विषय संपत नाही, कारण पुढचा टप्पा आपल्याच इतिहासातून येतो आहे. चेन्नईहून तंजावर काही तासांच्या अंतरावर आहे. तेथे १६७६ ते १८५५ या काळात भोसल्यांचे राज्य होते, आणि सरफोजी राजांच्या नावाशी जोडलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागद जपलेले आहेत. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत आली, आणि त्याच आवृत्तीत तमिळ प्रदेशात संस्कृतसाठी वापरली जाणारी ग्रंथ लिपीही आली. या दोन्ही लिप्यांना पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडे जागा मिळाली. ब्राउझरचा हिशेब १६ बिटांच्या घटकांत चालतो, त्यामुळे तेथील प्रत्येक चिन्ह दोन घटकांचे धरले जाते. ‘मराठी’ देवनागरीत लिहिले तर लांबी पाच, तेच मोडीत पाच चिन्हांनी लिहिले तर दहा. बेसावध प्रोग्रामने काकपद विषम आकड्यावर ठेवले, तर एका चिन्हाचे दोन तुकडे होतात आणि एकही तुकडा वाचता येत नाही. तंजावरच्या कागदांचे वाचन उद्या घरोघरच्या अभ्यासकांकडून संकेतस्थळावर करून घ्यायचे झाले, तर लेखनचौकटीने हा हिशेब आधी शिकलेला असावा लागेल.

भाषा-तंत्रज्ञानाच्या यशाची मोजणी आपण बहुधा किती भाषा, किती कोटी शब्द, किती टक्के अचूकता अशी करतो. ती योग्यच आहे. तिच्याजोडीला आणखी एक चाचणी असावी असे मला सुचवावेसे वाटते : लिहिणाऱ्याला मागे जाऊन आपले वाक्य दुरुस्त करता येते का? अर्ज भरणारा शेतकरी, परीक्षा देणारे मूल, पडदावाचकाच्या मदतीने एकेक अक्षर ऐकत पुढे सरकणारी दृष्टिहीन व्यक्ती, वाचा गमावलेली एखादी आई, या सर्वांना शब्द सुचण्याइतकीच शब्द बदलण्याची मोकळीक हवी असते. लेखनिकाच्या हातून शब्द सुटणार, हे पोथ्यांच्या काळात गृहीत होते, म्हणूनच काकपदाची सोय होती.

ही चाचणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या कोणत्या संकेतस्थळावर तुम्ही मराठी लिहिता, तेथे ‘दुसऱ्या स्त्रीचे नाव’ एवढे लिहा. आरंभाला जाऊन उजवा बाण दाबत चला आणि ‘स्त्री’ ओलांडायला किती वेळा दाबावा लागतो ते मोजा. मग ‘नाव’च्या आधी दोन शब्द, एकामागोमाग एक, घाला आणि ते कुठे पडतात ते पाहा. दुसरा शब्द वाक्याच्या टोकाला गेला, तर ते संकेतस्थळ चालवणाऱ्यांना चार ओळी लिहून कळवा. दुरुस्ती छोटी असते. ती न झाल्याने कुणाचे काय हुकते आहे, हे त्यांना दिसत नसते. आपल्याला दिसले, तर आपण सांगायला हवे.